टेपला फसवण्याची कला

गाडीचं आयुष्य आणि गाण्याचं आयुष्य कधीच एका मापाचं नव्हतं. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मालक जपणारा असेल तर फेरनोंदणी करून ती पुढेही धावते. गाणं ज्या वस्तूत साठवलेलं असतं, तिच्या नशिबी एवढं आयुष्य क्वचितच येतं. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या काळात कॅसेट घरोघर पोचली आणि गेली, सीडी आली आणि गेली, एकाच सीडीवर शंभर-दीडशे एमपीथ्री गाणी कोंबण्याचे दिवस आले, ‘इथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या मोबाइलच्या दुकानांवर लागल्या आणि उतरल्या, आणि शेवटी गाणं फोनमध्ये जाऊन बसलं. गाडी मात्र तीच.

मग जुन्या गाडीच्या मालकापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. इंजिनाची तक्रार नाही, एसी गार करतो, टेपचे दिवे लागतात, रेडिओ खणखणीत वाजतो. पण हवी ती गाणी खिशातल्या फोनमध्ये आणि फोनला टेपच्या पोटात शिरायला वाट नाही. ॲक्सेसरीच्या दुकानात यावरचं उत्तर तयार असतं. “हा काढून टाका साहेब. डबल डिन बसवू, अँड्रॉइडवाला. मागचा कॅमेरा पण येईल त्याला.”

उत्तर चुकीचं नाही, पण ते दुकानदाराच्या जास्त सोयीचं आहे. डिन हे जर्मन मानकाचं माप: डॅशबोर्डातली साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशी खाच. जपानी कंपन्यांनी उंची दुप्पट केली ती डबल डिन. गाडी या मापाची असेल तर जुना टेप काढून नवा सरकवणं हा तासाभराचा मामला असतो. परंतु पुढे पुढे कंपन्यांनी टेपचा चेहरा डॅशबोर्डाच्या वळणातच घडवायला घेतला. अशा गाडीत नवा टेप बसवायचा तर भोवती प्लॅस्टिकची चौकट लावावी लागते, ती उन्हाने वर्षभरात कुरकुरायला लागते, आणि स्टिअरिंगवरची आवाज कमीजास्त करायची बटणं वेगळा जोड घेतल्याशिवाय मुकी होतात. हौसेने जपलेल्या गाडीत तो लखलखता पडदा डोळ्यांना खुपतो ते निराळंच.

दुसरा मार्ग टेप जागेवर ठेवण्याचा. त्याला नवं काही शिकवता येत नाही. तेव्हा त्याला जे ओळखता येतं त्याचं सोंग नव्या वस्तूला द्यायचं. गावात बहुरूपी हवालदाराच्या वेशात येतो, दारात उभा राहून वॉरंट निघाल्याचं दरडावून सांगतो, आणि घरातलं पोर खरोखरच आईच्या मागे लपतं. जुन्या टेपचं त्या पोरासारखं आहे. त्याला गणवेश कळतो, आतला माणूस कळत नाही. गाडीत बाहेरचं गाणं घुसवायचा सगळा इतिहास अशा सोंगांचा आहे. आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: टेपचं जे दार जितकं बावळट, तितकं ते जास्त वर्षं उघडं राहिलं. हुशार दारं लवकर बंद झाली.

सुरुवात कॅसेटच्याही आधीची आहे. १९५६च्या मॉडेलांसाठी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने ‘हायवे हाय-फाय’ नावाचा चक्क रेकॉर्ड प्लेयर डॅशबोर्डाखाली बसवून दिला. तो तयार केला होता सीबीएसच्या प्रयोगशाळेतल्या पीटर गोल्डमार्क यांनी. १९४८मध्ये एलपी रेकॉर्ड आणणारे तेच. सात इंची तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या संथ गतीने फिरायची आणि तिच्या एका बाजूवर पाऊण ते एक तासाचा मजकूर मावायचा. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून तिचा दाब भरपूर ठेवलेला. आवाज बाहेर पडायचा तो गाडीच्या रेडिओमधूनच. यंत्र म्हणून ते चाललं, व्यवहार म्हणून पडलं. त्या गतीच्या, त्या आकाराच्या तबकड्या एकाच कंपनीच्या, आणि त्यांची यादी तोकडी. घरी असलेली एकही रेकॉर्ड गाडीत वाजेना. ज्याला घरची गाणी रस्त्यावर न्यायची आहेत त्याला हे कसं रुचावं?

पुढे १९६५मध्ये फोर्डने एट-ट्रॅक काडतुसांचा टेप आपल्या गाड्यांत दिला. त्यामागे बिल लिअर होते, लिअर जेट विमानवाले. त्याच सुमाराला युरोपात फिलिप्सची कॅसेट पाय रोवत होती. लू ओटन्स या अभियंत्याच्या हाताखाली ती घडली आणि १९६३मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ओटन्स यांनी आधी आपल्या कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि यंत्राने त्या मापात बसायचं असं ठरवलं. एट-ट्रॅकची फीत सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर पळायची, कॅसेटची ४.७६. कागदावर एट-ट्रॅक सरस असायला हवा होता, हरला तोच. आणि तो हरू लागल्यावर बाजारात पहिलं मोठं सोंग आलं: एट-ट्रॅक काडतुसाच्या आकाराचा डबा, ज्याच्या पोटात कॅसेट वाजवायची सोय. जुन्या टेपात नवी कॅसेट. म्हणजे आज ज्या कॅसेटला आपण जुनी म्हणतो, ती एके काळी स्वतःच दुसऱ्याच्या कपड्यांत शिरून गाडीत बसली होती.

कॅसेट अडॅप्टर हे या घराण्यातलं सर्वांत देखणं अपत्य. लॅरी शॉट्झ या अमेरिकी अभियंत्याचं हे काम १९८०च्या दशकातलं. तेव्हा प्रश्न फोनचा नव्हता. हातात धरायचे सीडी प्लेयर निघाले होते आणि गाड्यांत अजून कॅसेटचंच राज्य होतं.

ही वस्तू एकदा उघडून बघण्यासारखी आहे. कोपऱ्यांतले बारीक स्क्रू काढले की आत फीत नसतेच. जिथे फीत टेपच्या हेडला घासते, त्या मधल्या खिडकीत एक इवलंसं धातूचं हेड असतं, मागे स्प्रिंग, म्हणजे ते पुढे दाबलेलं राहावं. एका कोपऱ्यातून काळी वायर बाहेर पडते आणि तिच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन. फोनमधून आलेला विद्युत संकेत त्या हेडमध्ये चुंबकीय लहरी उठवतो. समोरासमोर टेकलेलं टेपचं हेड त्या लहरी उचलतं आणि फितीवरून गाणं वाचतो आहोत अशा समजुतीने वाजवतं. मध्ये फीत नाही म्हणून फितीची ती ओळखीची सूं सूं नाही, ती ताणली जाणं नाही, गुंतणं नाही. पेन्सिल घालून गुंडाळायचं कामही संपलं.

खरी अक्कल मात्र उरलेल्या जागेत आहे. टेप काही निव्वळ हेडच्या भरवशावर चालत नाही. चाक फिरतंय का, यावर त्याचा डोळा असतो. चाक अडलं की फीत संपली किंवा गुंतली असं समजून तो बंद पडतो नाहीतर बाजू पालटतो. म्हणून अडॅप्टरमध्ये प्लॅस्टिकचे दोन-चार दाते असलेले गिअर असतात. टेप एक चाक फिरवतो, गिअर दुसरं फिरवतात, आणि सगळं यथासांग चाललंय असा देखावा उभा राहतो. काहीही गुंडाळत नसलेली ती चाकं तासन्‌तास फिरत राहतात. स्वस्त अडॅप्टरमध्ये हेच गिअर वाजतात: टक टक टक, तबल्याला न जुमानता. त्यावर उपाय म्हणजे थेंबभर सिलिकॉन वंगण. काही टेपांत तर गिअर काढून टाकले तरी भागतं, काहींत टेप लगेच कॅसेट बाहेर फेकतो. करून बघावं लागतं. टेपवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवायचं, कारण डॉल्बी फितीची सूं सूं दाबण्यासाठी वरचे सूर कापतं, आणि इथे सूं सूं नसल्यामुळे निव्वळ गाणंच गुदमरतं. एवढं सांभाळलं तर या काही शे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या डबीतून निघणारा आवाज ऐकणाऱ्याला अचंब्यात टाकतो.

आता तर वायरही गेली. कॅसेटच्याच कवचात ब्लूटूथ आणि बॅटरी घातलेले अडॅप्टर मिळतात. १९६३चा आकार, २१व्या शतकाचं पोट. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेटचा टेप घेऊन आलेली शेवटची मोटार म्हणून २०१०च्या लेक्सस एससी ४३० या मॉडेलचं नाव घेतलं जातं. म्हणजे नव्या गाडीत कॅसेट मिळणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या खाचेत घालायच्या नव्या वस्तू अजून निघताहेत.

ज्यांच्या टेपला कॅसेटचं तोंड नाही, सीडीचं आहे, ते बिचारे एफएम ट्रान्समीटरच्या वाटेला जातात. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचं ते दिवेवालं बोंडुक, एका बाजूला पेन ड्राइव्ह, समोर लाल आकडे. टॅक्सीपासून वडाप जीपपर्यंत ते कुठे कुठे पोचलंय याची मोजदाद नाही. याचं सोंग रेडिओ केंद्राचं. गाडीच्या आतल्या आत ते एक टीचभर केंद्र चालवतं आणि टेप ते नेमानं लावतो. ताकद किती, तर ब्रिटनने डिसेंबर २००६मध्ये अशा यंत्रांना परवानगी दिली तेव्हा मर्यादा घातली ५० नॅनोवॅटची. एका वॅटचे दोन कोटी भाग करा, त्यातला एक. तोवर तिथे ही वस्तू वापरणं १९४९च्या बिनतारी कायद्याखाली चक्क गुन्हा होता.

एफएमचा एक स्वभाव या खेळाच्या मुळाशी आहे. एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली तर रेडिओ दोघांची खिचडी करत नाही. ज्याचा जोर जास्त त्याला धरतो आणि दुसऱ्याला पार सोडून देतो. म्हणून एवढंसं ट्रान्समीटर जवळ असल्याच्या बळावर जिंकतं, आणि म्हणूनच हरतंही तितक्याच ठामपणे. मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ ही घरं आधीच भरलेली, पुण्यातही तेच आकडे भरलेले. दोन वस्त्यांच्या मधली रिकामी जागा हुडकायची, तर ती पनवेलला असते आणि तळेगावला नसते. खंडाळ्याच्या घाटात मोठी केंद्रं क्षीण झाली की हे बोंडुक एकदम तरतरीत होतं. आणि टोलनाक्याच्या रांगेत शेजारच्या गाडीतही तेच यंत्र त्याच आकड्यावर असेल, तर आपल्या भीमसेनांच्या जागी अचानक त्याचा डीजे सुरू होतो. तोही काच खाली करून इकडे तिकडे बघत असतो, कारण त्याच्याकडे अभंग लागलेला असतो.

याहून मोठा पेच जपानी टेपांचा. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६पासून सुरू होऊन पूर्वी ९० मेगाहर्ट्झलाच संपायचा. आपला ८८ ते १०८. जपानहून वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने न्यूझीलंडमध्ये येतात आणि तिथल्या मालकांना रेडिओवर जेमतेम एखाददुसरं केंद्र सापडतं. तेव्हा एरियलच्या वायरीत एक छोटी डबी बसवतात, जी येणारे सगळे आकडे खाली उतरवून टेपच्या आवाक्यात आणून ठेवते. त्या टेपला आपण कुठल्या देशात आहोत याचा पत्ताच नसतो. ट्रान्समीटर घेताना हे माहीत नसेल तर माणूस १०७.९ लावून बसतो आणि टेप तिथवर पोचतच नाही.

एफएमवर एक शहाणा तोडगा आहे तो फारसा कुणी सांगत नाही: वायरीचा मॉड्युलेटर. तो एरियल आणि टेप यांच्या मध्येच बसतो. गाणं चालू असताना बाहेरच्या एरियलचा संबंध तोडतो आणि आपलं केंद्र थेट टेपच्या नाकात सोडतो. हवेतली भांडणं संपतात. टेप बाहेर काढावा लागतो एवढाच त्रास.

आणि टेप बाहेर काढला की मागे बरंच काही सापडतं. फिटर दोन वाकवलेल्या पोलादी पट्ट्या टेपच्या दोन्ही कडांच्या भोकांत घालतो, खट्‌ आवाज होतो आणि अख्खा टेप ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. मागे दोन कपलर: एकात वीज, एकात स्पीकर. एरियलची जाड पिन. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर टेप वाजतो व्यवस्थित, पण किल्ली काढली की घड्याळ आणि लावून ठेवलेली सगळी केंद्रं विसरतो. फोक्सवॅगन घराण्याच्या कित्येक गाड्यांत मुळातच या दोघींच्या जागा उलट असल्यामुळे चांगले चांगले फिटर तिथे फसतात. आणि बऱ्याचदा, धुळीच्या थराखाली, लाल-पांढरी अशी दोन गोल तोंडं असतात, प्लॅस्टिकची टोपी अजून न निघालेली. ऑक्स. दहा वर्षं मालक एफएमच्या बोंडुकाशी झगडत असतो आणि सरळ वाट त्याच्या टेपच्या पाठीला असते. कधी ती वाट मेनूमध्ये बंद करून ठेवलेली असते आणि सोर्सचं बटण कितीही दाबलं तरी दिसत नाही. चालू केली की दिसते. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी मॉडेलचा नंबर शोधून हँडबुक वाचावं. हे वाक्य दुकानात कुणी बोलत नाही.

ऑक्स नसेल तरी १९९०च्या दशकातल्या बऱ्याच टेपांना पाठीमागे आणखी एक तोंड असतं, डिकीत ठेवायच्या सीडी चेंजरसाठी. सहा किंवा दहा सीड्यांचं ते जडशीळ खोकं आपल्याकडे फार थोड्यांनी घेतलं, पण त्याचं तोंड टेपावर राहिलं. यातून गाणं घुसवणं हे सगळ्यांत अवघड सोंग, कारण इथे रूप पुरत नाही, बोलणंही यावं लागतं. टेप विचारतो, चेंजर आहे का? उत्तर आलं नाही तर तो ते दार उघडतच नाही. सोनीची बोली एक, पायोनियरची दुसरी, अल्पाइनची तिसरी. अडॅप्टरातली चिप त्या त्या बोलीत सांगते की हो, मी चेंजर, पहिली सीडी, पहिलं गाणं. मग टेप खूश. हंगेरीच्या डेन्शनसारख्या कंपन्यांनी यावरच धंदा उभा केला. पेन ड्राइव्हवर कितीही गाणी असोत, टेपच्या समजुतीत सीड्या सहा आणि एका सीडीवर गाणी फार तर ९९. म्हणून फोल्डरांना सीडी०१ ते सीडी०६ अशी नावं द्यायची. ५९४ गाणी. त्यापुढचं जग टेपच्या लेखी नाहीच.

ज्यांना तेही दार मिळालं नाही, त्यांनी सोल्डरिंग आयर्न उचललं. सीडीच्या भागातून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या दोन रेघा सर्किट बोर्डावर शोधायच्या, त्यांवर फोनची वायर डकवायची, आणि मग टेपमध्ये एक सीडी लावायची जिच्यात काहीही नाही, निव्वळ शांतता. टेप इमानाने ती शांतता वाजवतो आणि तिच्या आडून फोनमधलं गाणं जातं. या कसबाला दाद द्यावी तेवढी थोडी. मात्र ज्याला सोल्डरचा सराव नाही त्याने टेपचा बळी देऊ नये.

आता हुशार दारांची गोष्ट. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलचा आयपॉड आला: पाच जीबी, हजार गाणी. २००३मध्ये त्याला तीस पिनांचं चपटं तोंड मिळालं, आणि २००४मध्ये बीएमडब्ल्यूने गाडीत आयपॉड जोडायची अधिकृत सोय जाहीर केली. केवढा गाजावाजा झाला! पण ग्लव्ह बॉक्सच्या आत घडत काय होतं? तेच. गाडीला वाटायचं की हा चेंजर आहे. गाण्यांच्या याद्यांना ‘बीएमडब्ल्यू १’ ते ‘बीएमडब्ल्यू ५’ अशी नावं दिली की त्या एकेका सीडीसारख्या दिसायच्या. पाहता पाहता सगळ्या मोठ्या कंपन्यांनी आपापल्या गाड्यांतून तीस पिनांची केबल बाहेर काढली.

ती केबल किती टिकली? २००८च्या आयफोनने फायरवायर या जुन्या जोडणीच्या १२ व्होल्टवर चार्ज होणं सोडून दिलं. महागड्या गाड्यांत गाणं वाजायचं पण फोन भरायचा नाही. सप्टेंबर २०१२मध्ये ती तीस पिनांची पट्टीच नव्या फोनवरून गेली. २०११ची गाडी घेतलेल्या माणसाच्या ग्लव्ह बॉक्समध्ये वर्षभरात एक निरुपयोगी केबल लोंबत राहिली, आणि त्याच्या शेजारच्या घरातली १९९५ची कॅसेटवाली गाडी कुठलाही फोन मुकाट्याने वाजवत राहिली. कारण तिला फोन कुणाचा, कुठल्या सालचा, हा प्रश्नच पडत नाही. तिच्यापर्यंत फक्त आवाज येतो.

ब्लूटूथमध्येही हीच तऱ्हा. २००५ ते २०१०च्या काळातल्या कित्येक गाड्यांत फोन जोडला जातो, कॉल येतात, पण गाणं म्हणाल तर नाही. कारण ब्लूटूथमध्ये बोलण्याची यंत्रणा वेगळी आणि गाण्याची वेगळी. गाण्याची ठरली २००३मध्ये, पण गाड्यांत ती पोचायला वेळ लागला. बोलण्यासाठीचा आवाज सेकंदाला आठ हजार नमुन्यांचा, एकाच वाहिनीचा. तरी लोक थांबले नाहीत. गाणं म्हणजे चालू असलेला फोन कॉल आहे अशी गाडीची समजूत करून देणारी ॲप निघाली. लताबाईंचा आवाज एसटीडी बूथमधून आल्यासारखा येतो, परंतु येतो.

जोडणी जमली की बहुतेकांची गाठ पडते ती एका किरकिरीशी. फोन ऑक्सला लावलाय तोवर सगळं स्वच्छ; चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक कुई सुरू होते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते. फिटर म्हणतो, “अर्थिंग मारतंय.” बरोबरच म्हणतो. आवाजाच्या वायरीची जमीन आणि चार्जरची जमीन अशा दोन वाटांनी एक वेटोळं तयार होतं आणि अल्टरनेटरची खरखर त्यातून गाण्यात शिरते. इंजिन जितकं पळेल तितका सूर वर. उपाय दोन. एक फुकटचा: गाणं ऐकताना फोन चार्जिंगला लावायचा नाही. दुसरा म्हणजे मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालायचा. त्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंच्या वायरींचा एकमेकींना स्पर्शही होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत ही वस्तू नाव सांगितलं की मिळते. फोनचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या वर ठेवून बाकीचं टेपच्या बटणावर सोडायचं, हेही लक्षात ठेवावं; फोन हळू आणि टेप मोठा ठेवला की खरखरच आधी ऐकू येते.

तेव्हा हिशेब असा. पाठीला ऑक्स असेल तर दुसरं काही बघू नये. कॅसेटचं तोंड असेल आणि हेड झिजलेलं नसेल तर चांगला अडॅप्टर. हेड आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावं. चेंजरचं तोंड असेल तर त्या कंपनीच्या बोलीचा अडॅप्टर, थोडा महाग पण आवाजाला उत्तम. हवेतलं एफएम सगळ्यांत शेवटी. आणि डॅशबोर्ड फोडून पडदा बसवायचा निर्णय यांपैकी काहीच जमलं नाही तर. आजच्या नव्या गाड्यांत एसी, कॅमेरा आणि गाणं एकाच पडद्यामागे गेलंय. ती गाडी पंधरा वर्षांची होईल तेव्हा तिला फसवायला दार उरलेलं असेल का, याची शंका रास्त आहे. निदान एक साधं ऑक्सचं भोक ठेवा, असं गाडी घेताना विक्रेत्याला म्हणायला हवं. हसला तर हसला.

एक गोष्ट मात्र काम सुरू करण्याआधी करा. जुन्या काळात टेप चोरीला जायचे म्हणून बऱ्याच कंपन्यांनी त्यांना कोड घातला होता. बॅटरीची वायर निघाली किंवा मागचा कपलर सुटला की असा टेप पडद्यावर कोड मागतो, आणि तो दिल्याशिवाय रेडिओसुद्धा लावत नाही. चुकीचे आकडे चार-दोन वेळा दाबले तर तो काही काळ कुलूपच घालून बसतो. कोड बहुधा गाडीच्या हँडबुकात, एका छोट्या कार्डावर असतो. नसेल तर टेपच्या अंगावरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येतो. फिटरच्या हातात पाना देण्याआधी ते कार्ड शोधा.